माती, पाणी आणि बिनमिठाची भाजी

पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन लागतं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले आणि गावातले रोगी तपासू लागले. पहिल्या दिवशी तीसेक माणसं आली. त्यांतल्या पाच-सहा जणांना गांधीजींनी स्वतः तपासलं आणि जवळपास एकच उपाय सांगितला. रामनाम घ्या, अंगावर ऊन घ्या, कटिस्नान आणि घर्षणस्नान (टबात बसून ओल्या कापडाने चोळून घ्यायची स्नानं) करा, दूध, ताक आणि फळांच्या रसावर राहा, पाणी भरपूर प्या. औषधाची पुडी नाही की बाटली नाही.

निरनिराळ्या माणसांना एकच चिठ्ठी, हे ऐकून आजच्या कुठल्याही डॉक्टरच्या कपाळाला आठी पडेल आणि त्याचं काही चुकणार नाही. पण निसर्गोपचाराची सगळी गंमत या चिठ्ठीतच आहे. ती ज्या कारणासाठी दिली जात होती, ते कारण शास्त्राच्या कसोटीवर साफ पडलं. चिठ्ठी मात्र, रामनाम ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलं तर, बरीचशी टिकून राहिली. कारण आणि चिठ्ठी यांची आपल्याकडे कायम गल्लत होते. निसर्गोपचाराचे भक्त चिठ्ठीचा गुण आला की कारणही खरं मानतात, आणि विरोधक कारण खोटं निघालं म्हणून चिठ्ठीही फाडून टाकतात.

उरुळीच्या आधी पुण्यात स्टेशनजवळ ताडीवाला रोडला डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे अनेकदा राहिले होते. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांनी निसर्गोपचाराच्या अखिल भारतीय न्यासाच्या दस्तावर सही केली. सरकार आता १८ नोव्हेंबरला निसर्गोपचार दिन पाळतं, तो यामुळे. हेच केंद्र गोरगरिबांसाठी चालवायचं, असा बेत होता. पण थोड्याच दिवसांत गांधीजींच्या लक्षात आलं, की खेड्यातला माणूस हातातलं काम टाकून पुण्यात येऊन राहणार कसा? उपचार त्याच्या गावात न्यायला हवा. म्हणून उरुळी. ताडीवाला रोडची ती वास्तू आज ‘बापू भवन’ म्हणून ओळखली जाते आणि १९८६ पासून तिथे केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना निसर्गोपचार ही आयुर्वेदाचीच एखादी शाखा वाटते. तसं नाही. उपवास, वाफारा, लेप हे आपल्याकडे जुनेच आहेत, पण गांधीजींच्या हाती आलेली पद्धत जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातून आली होती. सायलेशियातल्या ग्रेफेनबर्ग गावात व्हिन्सेंट प्रिसनित्स नावाचा शेतकरी होता. तरुणपणी गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या. ओल्या पट्ट्या गुंडाळून तो स्वतःच बरा झाला आणि पुढे थंड पाण्याने उपचार करण्यासाठी प्रसिद्ध पावला. बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांना विद्यार्थीदशेत क्षय झाला होता. ऐन थंडीत डॅन्यूबच्या पाण्यात बुड्या मारून आपण बरे झालो, असं ते सांगत. त्यांचं जलोपचाराचं पुस्तक १८८६ साली निघालं आणि घराघरांत गेलं. लाइपझिगचा लुई कूने व्यवसायाने सुतार. कटिस्नान आणि घर्षणस्नान ही त्याची देणगी. अ‍ॅडॉल्फ युस्ट याने १८९६ साली हार्ट्झच्या डोंगरात उपचारकेंद्र काढलं, त्याचा भर मातीवर. या चौघांतला एकही डॉक्टर नव्हता.

तरीही लोक त्यांच्याकडे का धावले, याचं उत्तर त्या काळच्या डॉक्टरांकडे पाहिलं की मिळतं. प्रिसनित्सच्या काळात शहाणेसुर्ते डॉक्टर तापातल्या माणसाची शीर कापून रक्त काढत, पाऱ्याचं रेचक देत. अशा वेळी जो नुसतं थंड पाणी, साधं जेवण आणि मोकळी हवा देई, त्याचे रोगी जास्त जगले तर आश्चर्य नाही. पाण्याने काही केलं असेल-नसेल, निदान पारा तरी पोटात गेला नाही.

या सगळ्यांत आपल्या देशावर सर्वांत मोठी छाप पडली ती कूनेची. त्याच्या पुस्तकाचं तेलुगू भाषांतर १८९४ सालीच झालं होतं. त्याचं म्हणणं एका वाक्यात मावतं: रोग अनेक नसतात, एकच असतो. चुकीच्या खाण्यापिण्याने पोटात ‘विजातीय द्रव्य’ साठतं, ते आंबून शरीरभर पसरतं आणि ताप, खोकला, पुरळ, संधिवात अशा नाना रूपांनी दिसतं. हे द्रव्य मलमूत्र, घाम आणि श्वास यांवाटे बाहेर काढलं की माणूस बरा. रोग एक, म्हणून उपायही एक. उरुळीच्या त्या चिठ्ठीमागचं तर्कशास्त्र ते हेच.

गांधीजींनी कूने वाचला आणि तो घरातच वापरला. १९०२ साल. मुक्काम मुंबईत, गिरगावात. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला, त्यात फुप्फुसाचा दाह आणि रात्री वात. डॉक्टर पारशी होते, भले गृहस्थ. त्यांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला. मुलाला तीन-तीन मिनिटांची कटिस्नानं आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस सुरू केला. ताप १०४ पर्यंत चढे, तो उतरेना. एका रात्री त्यांनी चादर भिजवून पिळून मुलाच्या अंगाभोवती गुंडाळली, वर दोन घोंगड्या घातल्या, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि त्याला कस्तुरबांच्या हवाली करून ते चौपाटीवर फिरायला गेले. घरात थांबणं सोसवेना, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. परत आले तेव्हा मणिलाल घामाने निथळत होता आणि ताप उतरू लागला होता. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस. मुलगा ठणठणीत झाला.

ही हकिकत निसर्गोपचाराच्या कितीतरी पुस्तकांत चमत्कार म्हणून येते. गांधीजी मात्र तिला चमत्कार म्हणत नाहीत. मुलगा देवाच्या कृपेने वाचला, पाण्याने वाचला, की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असा प्रश्न त्यांनी आत्मकथेत आपणहून विचारला आहे. उपचारांची परीक्षा घेण्याची सगळी पद्धत पुढे याच प्रश्नातून उभी राहिली: गुण आला तो नक्की कशाने?

मणिलालपुरतं उत्तर देता येतं. विषमज्वरावर चालणारं पहिलं प्रतिजैविक, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ साली आलं. त्याआधी या तापात शंभरातले दहा-वीस दगावत आणि उरलेले तीन-चार आठवड्यांनी आपोआप सावरत. हातात औषध नव्हतं, होती ती शुश्रूषा. शिवाय गांधीजी त्या रात्री डॉक्टरांच्या विरोधात फार दूर गेले होते, असंही नाही. जर्मनीतल्या एर्न्स्ट ब्रांट या डॉक्टरने १८६१ सालीच विषमज्वरावर थंड पाण्याच्या स्नानाची पद्धत मांडली होती, आणि विल्यम ऑस्लरसारखे त्या काळचे अव्वल वैद्य ती आपल्या रुग्णालयात वापरत होते. म्हणजे आज ज्याला आपण पर्यायी म्हणतो, ते तेव्हा मुख्य रस्त्यावरच चाललं होतं. सीमारेषा अशा सरकत राहतात.

दोन वर्षांनी, १९०४ साली, जोहान्सबर्गला खाणीतल्या भारतीय मजुरांत फुप्फुसाचा प्लेग शिरला. तेवीस रोगी एका रिकाम्या गोदामात ठेवले. सगळ्यांना ब्रँडी देण्याची आज्ञा होती. ब्रँडी नको म्हणणाऱ्या तिघांना गांधीजींनी डोक्यावर आणि छातीवर ओल्या मातीच्या पट्ट्या बांधल्या. त्यांतले दोघे जगले, ब्रँडी घेतलेले वीसही जण गेले. गांधीजींचा मातीवरचा विश्वास यामुळे पक्का झाला. पण तिघांवरून काहीच ठरत नाही. आपण होऊन ब्रँडी नाकारण्याइतका शुद्धीवर असलेला रोगी इतरांपेक्षा मुळात कमी आजारी असू शकतो. असा घोटाळा टाळण्यासाठी कुणाला कुठला उपचार मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायची रीत पुढे वैद्यकात आली. १९०४ साली ती रूढ नव्हती, डॉक्टरांतही नाही.

आता कूनेच्या विजातीय द्रव्याकडे वळू, कारण हेच द्रव्य आज ‘टॉक्सिन’ असं नवं नाव घेऊन ‘डिटॉक्स’च्या पाकिटांवर विकलं जातं. शरीरात टाकाऊ पदार्थ तयार होतात, हे खरंच. पण ते काढायची व्यवस्था आपल्या पोटात चोवीस तास चालू असते. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत घेतात आणि दीडेक लिटर लघवी बाहेर टाकतात. यकृत औषधं, दारू, अमोनिया यांची विल्हेवाट लावतं. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, त्यात टाकाऊ पदार्थ नावापुरते. माती कातडीतून विष शोषून घेत नाही. तीन दिवस लिंबूपाणी प्यायल्याने यकृत धुऊन निघत नाही. आणि मूत्रपिंडं खरोखरच थकली, तर माणसाला डायलिसिस लागतं, तिथे कोहळ्याचा रस कामाचा नाही. उलट रसातलं पोटॅशियम अशा रोग्याच्या जिवावर बेतू शकतं.

मग मातीच्या पट्टीने बरं का वाटतं? ती करतात कशी, ते पाहू. शेताच्या वरच्या थरातली माती चालत नाही, त्यात खत असतं, फवारणीचे अंश असतात. दोन-तीन फूट खोलवरची काढतात, उन्हात वाळवतात, खडे-मुळं काढून चाळतात आणि रात्रभर पाण्यात भिजत घालतात. सकाळी लोण्यासारखी मऊ झालेली ती माती पातळ फडक्यावर थापायची आणि गार पट्टी ओटीपोटावर ठेवून वीस मिनिटं ते अर्धा तास स्वस्थ पडायचं. चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. ते पाणी वाफ होऊन उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. ओल्या फडक्यापेक्षा हा गारवा जास्त वेळ टिकतो. एवढंच तिचं पदार्थविज्ञान. पण त्या अर्ध्या तासात माणूस डोळे मिटून, हातात फोन न घेता, कुणाशी न बोलता पडून असतो, हेही हिशेबात धरा. घरी असा अर्धा तास आपल्यापैकी किती जणांना मिळतो?

कटिस्नानाचा टब पाठीला टेकू असलेला असतो. पाय बाहेर, पाणी बेंबीपर्यंत, आणि हातातल्या खडबडीत कापडाने पोट गोल-गोल चोळत राहायचं. थंड कटिस्नानाने बद्धकोष्ठ जातं असं सांगतात. मला विचाराल तर त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय त्या आठवड्यातल्या पालेभाज्यांना, पाण्याला, पहाटेच्या चालण्याला आणि ठरलेल्या वेळी संडासला जाण्याला द्यायला हवं. कोमट पाण्याच्या टबाची गोष्ट मात्र वेगळी. मूळव्याध असेल किंवा गुदद्वाराची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जनही कोमट पाण्यात बसायला सांगतात. त्याने स्नायू सैल होतात, दुखणं कमी होतं.

मातीपाण्याचं सामर्थ्य हे असं मर्यादित आहे. निसर्गोपचाराचा खरा ऐवज भोजनगृहात असतो. तिथली पहिली पंगत ज्याने अनुभवली आहे त्याला ती विसरता येत नाही. ताटात उकडलेली भाजी, कोशिंबीर, एखादी पोळी किंवा भाकरी, ताक, आणि मीठ शून्य. आपलं ताट डाव्या बाजूने सजतं. लोणचं, पापड, चटणी, ठेचा आणि वर चिमूटभर मीठ वेगळं वाढलेलं. त्या जिभेला बिनमिठाचा दुधी म्हणजे शिक्षाच. दोन दिवस माणूस धुसफुसतो, तिसऱ्या दिवशी निमूट खातो, आणि आठवड्याने घरी आला की नेहमीची आमटी त्याला खारट लागते. जीभ एवढ्या लवकर वळणावर येते, हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी धडा असावा.

कारण मिठाचं गणित पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. अमेरिकेत १९९७ साली ‘डॅश’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर फळं-भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं असा आहार दिल्यावर, ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला. मीठ कमी केल्यावर तो आणखी उतरतो, हे २००१ साली त्याच गटाने दाखवलं. उरुळीच्या चिठ्ठीतली फळं आणि ताक आठवा.

मधुमेहाचंही तसंच. साखर वाढू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचा अमेरिकन अभ्यास २००२ साली आला. वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन गोळीने घटलं ते ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ सालचा. आपली माणसं बारीक असूनही मधुमेहाकडे लवकर झुकतात, त्यामुळे असेल, इथला आकडा लहान आला, २८.५ टक्के. तरी तो गोळीच्या आकड्याच्या बरोबरीचा होता. आणि २०१७ साली ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासाने तर मधुमेह झालेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरींच्या पातळ आहारावर ठेवलं. वर्षअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, कारण वजन परत चढतं.

या अभ्यासांपैकी एकातही ‘निसर्गोपचार’ हा शब्द नाही. पण कमी खा, भाजीपाला खा, मीठ सोडा, चाला आणि वेळेवर झोपा, हे निसर्गोपचारवाले शंभर वर्षं सांगत होते. त्यांचं कारण चुकलं होतं, पथ्य चुकलं नव्हतं. आणि आधुनिक वैद्यकाला हे पथ्य मान्य असूनही ते रोग्याच्या गळी उतरवायला त्याच्याकडे वेळ नाही. दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात, त्यात ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून होतं. निसर्गोपचार केंद्र तेच आठ दिवस हाताला धरून करवून घेतं. मला वाटतं, लोक पैसे मोजतात ते खरं तर या हाताला धरण्याचे.

उपवासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण लोक तिथेच फसतात. एकादशी दुप्पट खाशी हा आपला प्रकार वेगळा, साबुदाणा आणि शेंगदाण्याचा. निसर्गोपचारातला उपवास पाण्यावर किंवा रसावर असतो. पहिल्या दिवस-दीड दिवसात यकृतातला साखरेचा बहुतेक साठा उपसला जातो, स्नायूंतलाही काही. या साठ्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते लघवीवाटे जातं. त्यामुळे दोन-तीन दिवसांत काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस खूश होतो. चरबी गेलेली असते फार थोडी. जेवण सुरू झालं की पाणी परत येतं आणि काटाही. उपवासात जिभेवर पांढरा थर चढतो, तोंडाला वास येतो. जुने निसर्गोपचारक याला विष बाहेर पडल्याची खूण म्हणत. खरं कारण साधं आहे. चावणं नाही, लाळ कमी, म्हणून जीभ स्वच्छ होत नाही, आणि चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनचा वास श्वासात येतो.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी आहे. धोका पुढे आहे. उपवासात किंवा बिनमिठाच्या आहारात रक्तदाब आणि साखर खरोखरच खाली येतात. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत चालू ठेवल्या, तर साखर एकदम कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट, आठ दिवसांत आकडे सुधारले म्हणून घरी येऊन गोळ्या कायमच्या बंद केल्या, तर महिन्याभरात साखर परत चढते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ‘डायरेक्ट’ अभ्यासातही गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजमाप ठेवून. ज्यांना इन्शुलिन लागत होतं, त्यांना त्या अभ्यासात मुळात घेतलंच नव्हतं.

निसर्गोपचारात आणखी एक घातक समजूत आहे. उपचार सुरू झाल्यावर त्रास वाढला, तर तो रोग बाहेर पडतोय म्हणून सोसायचा. उलट्या, चक्कर, छातीत धडधड, ताप, सगळ्याला हे एकच उत्तर. अशा उत्तराने क्षय दडतो, कर्करोगाचे महिने वाया जातात. दुधीचा रस हे अगदी घरगुती उदाहरण. दुधी कडू निघाला तर त्यात कुकर्बिटॅसिन नावाचं विष असतं, आणि कडू रस नेटाने संपवल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर रस टाकून द्यावा, त्यात लिंबू-मध घालून गोड करू नये.

स्वतः गांधीजींवर निसर्गोपचाराची मर्यादा उघड करणारे दोन प्रसंग आले. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला. १२ तारखेच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. पोटावर मातीची पट्टी बांधून भागणारं ते दुखणं नव्हतं, आणि गांधीजींनी शस्त्रक्रियेला संमती दिली.

दुसरा प्रसंग फार दुःखाचा आहे. देवीची लस जनावराच्या शरीरातून काढतात म्हणून गांधीजींचा तिला विरोध होता. १९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि लस न टोचलेली तीन मुलं गेली. त्यांत आश्रमाचे संगीतगुरू पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा लहान मुलगाही होता. थोड्याच दिवसांनी खरे दांडीयात्रेत चालले. शुद्ध आहार, स्वच्छ परिसर, नियमित दिनचर्या, प्रार्थना, निसर्गोपचाराला हवं ते सगळं त्या आश्रमात होतं. देवीच्या विषाणूला त्याने काही फरक पडला नाही. पुढे देवी जगातूनच गेली. भारतातला शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन जाहीर केलं. ते लसीनेच झालं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा, लस कशाला’ असं म्हणणाऱ्या कुणाहीपुढे साबरमतीची ही हकिकत ठेवावी.

उरुळीत मागे राहिलेल्या माणसाने निसर्गोपचाराच्या या मर्यादा बहुधा ओळखल्या होत्या. मणिभाई देसाई तेव्हा सव्वीसच्या आत-बाहेर होते. गांधीजींनी आश्रम त्यांच्यावर सोपवला आणि त्यांनी जन्म तिथेच काढला. निसर्गोपचाराचं काम चालू राहिलंच, पण खेड्यातल्या माणसाला दूध आणि फळांचा रस सांगून काय उपयोग, त्याच्या घरात दूधच नसेल तर? मणिभाई गाईंकडे वळले. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि संकरित गाई गावोगाव नेल्या. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लसही पुढे या संस्थेने तयार केली. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांधीजींच्या चिठ्ठीतल्या दूध-ताकाची सोय आधी घरात व्हावी लागते, हे त्यांनी जेवढं गंभीरपणे घेतलं तेवढं क्वचितच कुणी घेतलं असेल. निसर्गोपचारकांच्या यादीत त्यांचं नाव मी वरच्या ओळीत लिहीन.

आज निसर्गोपचार केंद्रात जाणाऱ्यांत खेड्यातले गरीब कमी आणि शहरातले खाऊन-पिऊन सुखी लोक जास्त. सुटी म्हणून जातात, हलकं वाटतं, दोन-तीन किलो उतरतात. त्यात वाईट काहीच नाही. फक्त जाताना तिथे काय मिळणार आणि काय नाही, हे ठाऊक असावं. वाढलेला रक्तदाब, मधुमेहाची सुरुवात, लठ्ठपणा, बद्धकोष्ठ, झोप न लागणं, मानेचं-पाठीचं जुनं दुखणं, इथे पथ्याचा आणि विश्रांतीचा गुण येतो. न्यूमोनिया, क्षय, छातीतली कळ, पोटात अचानक उठलेली मुरड, कर्करोग, लहान मुलाला गळून टाकणारा ताप, इथे पट्टी बांधून वाट पाहू नये.

गरोदर बाई, मूत्रपिंडाचा रोगी, इन्शुलिन घेणारा मधुमेही आणि हाडकुळा म्हातारा माणूस यांनी उपवासाच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी केंद्रात जाण्याआधी आपल्या डॉक्टरला भेटून कुठली गोळी किती कमी करायची ते लिहून घ्यावं, तो कागद केंद्रातल्या डॉक्टरला दाखवावा, आणि परतल्यावर पंधरा दिवसांनी साखर आणि रक्तदाब पुन्हा मोजून घ्यावा. केंद्रातला कुणी ‘सगळ्या गोळ्या बंद करा, सात दिवसांत मुळापासून बरं करतो’ असं म्हणाला, तर पैसे परत मागून घरी यावं. आणि ज्यांना केंद्र परवडत नाही, त्यांनी आजच्या रात्रीपासून ताटात वेगळं वाढलेलं मीठ आणि पापड बंद करून पाहावेत. त्याला एक पैसाही पडत नाही.